मध्यरात्रीचे टोल आणि समीक्षकांचे कान

प्रश्न : अमेरिकी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचा ‘चाइम्स ॲट मिडनाइट’ आमच्या चित्रपट मंडळात नुकताच पाहिला. तीस वर्षे शेक्सपिअर शिकवल्यामुळे असेल, पण अनेक नाटकांचे तुकडे जोडलेला हा खेळ मला नाटकांवर अन्याय करणारा वाटला. राजाविरुद्ध बंड करणाऱ्या हॉटस्परचे काव्य तर पारच कापले आहे. शिवाय निम्मे संवाद नीट ऐकू आले नाहीत. प्रदर्शनाच्या वेळी मोठ्या समीक्षकाने झोडपलेला चित्रपट आज अभिजात कसा ठरतो?
– एक निवृत्त प्राध्यापिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ऐकू न येण्याची आपली तक्रार रास्त आहे. स्पेनमध्ये तुटपुंज्या पैशांत झालेल्या या चित्रपटाचे संवाद बरेचसे नंतर ध्वनिमुद्रित केले गेले आणि काही दुय्यम पात्रांना खुद्द वेल्स यांनीच आवाज दिला, त्यामुळे ओठ आणि शब्द यांची अनेकदा फारकत होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउथर यांनी बोट ठेवले ते याच दोषावर. परंतु तोच दोष मान्य करूनही अमेरिकी समीक्षिका पॉलीन केल यांनी 1967 मध्ये त्यातील श्रूसबरीच्या लढाईला आयझेनस्टाइन आणि कुरोसावा या थोर दिग्दर्शकांच्या पंक्तीला बसवले. म्हणजे त्या काळी सारेच समीक्षक विरोधात होते, असे नाही. त्याआधी 1966 च्या कान महोत्सवातही चित्रपटाचा गौरव झालाच होता.

अन्यायाच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. ‘चौथा हेन्री’ या नाटकाचे दोन भाग हा चित्रपटाचा कणा असून इतर तीन नाटकांतून वेल्स यांनी लागेल तेवढेच उचलले आहे. मूळ नाटकांत राजकारण मध्यभागी आणि राजपुत्राचा लठ्ठ, मद्यपी सोबती फॉल्स्टाफ विनोदाच्या कडेला आहे. वेल्स यांनी ही मांडणी उलटवली. एकीकडे थंडगार दगडी महालातला, जॉन गिलगुड यांनी साकारलेला राजा आणि दुसरीकडे लाकडी गुत्त्यातला फॉल्स्टाफ, अशा दोन बापांमध्ये राजपुत्र हॅल उभा राहतो. गुत्त्यातल्या लुटुपुटीच्या दरबारात, फॉल्स्टाफला हाकलू नकोस या विनवणीवर, हॅल ‘हाकलतो, हाकलीनच’ असे शांतपणे म्हणतो, तेव्हाच राज्याभिषेकाच्या वेळचे ‘म्हाताऱ्या, मी तुला ओळखत नाही’ हे वाक्य जन्माला येते. एवढी सरळ रेषा काढायची, तर कात्री लागणारच. ती त्यांनी आधी रंगभूमीवर, 1939 मध्ये अमेरिकेत आणि 1960 मध्ये बेलफास्ट व डब्लिन येथे, चालवून पाहिली होती. दोन्ही प्रयोग फसले. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळले त्या आपल्या गावात, रंगभूमीवर न साधलेले कुणी पडद्यावर साधले याचे नवल वाटू नये.

लढाईचेच पाहा. माद्रिदच्या एका उद्यानात, दोनशेहूनही कमी माणसांत ती चित्रित झाली. आरंभी घोडे, निशाणे, मग चिखल, आणि शेवटी कोण कोणाला मारतो हेच कळेनासे होते. त्यातून चिलखतातला अवाढव्य फॉल्स्टाफ जीव वाचवत धडपडत फिरतो. भालजींच्या चित्रपटांतील लढायांवर वाढलेल्या कोल्हापूरकरांना येथे वीरश्रीचा लवलेश न सापडल्याने चुकल्यासारखे होईल, पण वेल्स यांना नेमके तेच हवे होते. शब्द ऐकण्यासाठी आलेल्या क्राउथर यांना हे काम शब्दांवाचून होत असल्याचे दिसले नाही, असे मला वाटते.

मत पालटायला आणखी एक साधे कारण घडले. हक्कांच्या वादामुळे चांगली प्रत कित्येक वर्षे दुर्मीळ होती. 2016 च्या सुमारास नूतनीकृत प्रत आली आणि पुष्कळांना चित्रपट प्रथमच धड पाहता आला. शक्य असल्यास तीच प्रत, उपशीर्षकांसह, पुन्हा पाहावी. हॉटस्परबद्दलची आपली हळहळ मात्र तेव्हाही जाणार नाही. माझीही गेलेली नाही.