ट्रान्सपॉन्डरला ‘प्रतिसादक’ म्हणावं का?

मिरजेच्या एका शिक्षिकेचा प्रश्न : हॅम रेडिओच्या (हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणाच्या) उपग्रहांवर मराठीत लेख लिहितेय, त्यातल्या सिग्नल घेऊन परत धाडणाऱ्या यंत्राला, ट्रान्सपॉन्डरला ‘प्रतिसादक’ म्हणू का? आणि रिपीटर म्हणजे तेच ना?

बाई, ‘प्रतिसादक’ नको. ट्रान्समिटर आणि रिस्पॉन्डर यांचा हा सांधा, त्यामुळे मोह होतो खरा. पण शब्द रूढ झाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, विमानांमुळे. रडारनं ‘कोण आहे?’ विचारायचं, विमानातल्या यंत्रानं ठरलेली खूण द्यायची. तिथं प्रतिसाद होता. हॅमचा उपग्रह कुणाला उत्तर देत नाही, तुमचंच बोलणं दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर खाली धाडतो.

रिपीटरचं म्हणाल, तर आपल्या सांगलीच्या यार्डातली हळदीची पोती आठवा. एफएम रिपीटर पोतं उसवतो, हळद काढतो, नव्या पोत्यात भरून पुन्हा शिवतो. म्हणजे सिग्नलमधून आवाज सोडवून तो नव्या लहरीवर चढवतो, आणि एका वेळी एकाचाच. हॅम उपग्रहावरचा लिनियर ट्रान्सपॉन्डर पोत्याचं तोंड उघडतच नाही. फ्रिक्वेन्सींचा अख्खा पट्टा मिक्सरमधून (चटणीचा नव्हे, फ्रिक्वेन्सी बदलणारा!) उचलून दुसरीकडे ठेवतो आणि त्याचा जोर वाढवतो. म्हणून एकाच वेळी कुणी बोलतंय, शेजारी कुणी मोर्सची टिकटिक करतंय, असं चालतं. फक्त एखाद्यानं नको तेवढी पॉवर लावली, की बाकीच्यांचे आवाज बसतात.

मराठी शब्द हवाच असेल तर तो ‘इन्व्हर्टिंग’साठी, म्हणजे पट्टा उलटा करून खाली धाडणाऱ्या ट्रान्सपॉन्डरसाठी आहे : उफराटा. ट्रकमधली थप्पी उतरवताना वरचं पोतं जमिनीवर तळाला जातं ना, तसंच. 5 मे 2005 ला पीएसएलव्ही-सी6 या रॉकेटवरून गेलेल्या ‘हॅमसॅट’ या भारतीय हॅम उपग्रहावर 435.280 मेगाहर्ट्‌झला बोललं की खाली 145.870 ला ऐकू यायचं, वर 435.220 केलं तर खाली 145.930. पट्ट्याचं वरचं टोक खाली, खालचं वर. साइडबँडही (मूळ लहरीच्या वरची किंवा खालची, आवाज वाहणारी बाजू) उलटते : लोअरवर बोलायचं, अप्परवर ऐकायचं. हा उफराटेपणा मुद्दाम केलेला असतो. उपग्रहाच्या वेगामुळे सिग्नल वर जाताना आणि खाली येताना त्याची फ्रिक्वेन्सी सरकते; उफराटेपणामुळे ही दोन सरकणी काही अंशी एकमेकींना खोडतात.

तेव्हा ‘ट्रान्सपॉन्डर’ तसाच ठेवा, पण त्याला मराठीत नांदवा. ‘ट्रान्सपॉन्डर्स’ लिहू नका. एक डॉक्टर, दोन डॉक्टर. तसे हॅमसॅटवर दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक भारतीय आणि एक डच.