नोकरी सोडू नका ताई, कोर्स मात्र नक्की करा

ताई, तुमचं पत्र नीट वाचलं. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी खासगी मॅटर्निटीत स्टाफ नर्स, पगार १७ हजार, दवाखान्यात महिन्याला ४० च्या आसपास डिलिव्हऱ्या, घरी पाच एकर कोरडवाहू, १ लाख ८० हजाराची एफडी नोव्हेंबरात मॅच्युअर होणार, आणि तुम्ही ती आत्ताच मोडून, नोकरी सोडून, ५५ हजाराचा लॅक्टेशनचा, म्हणजे बाळाला अंगावर पाजायला मदत करायचा कोर्स करून बसस्टँडजवळ सल्ला द्यायला स्वतःची खोली घ्यायचा विचार करून राहिल्या. कोर्स करा. नोकरी सोडू नका.

का ते सांगते. आयबीसीएलसी हे स्तनपान सल्लागाराचं सर्टिफिकेट नुसता कोर्स केल्याने मिळत नाही, त्याची आंतरराष्ट्रीय परीक्षा पास व्हावी लागते, आणि तुमच्यासारख्या नर्सला त्या परीक्षेला बसायचं तर ९५ तासांचं शिक्षण लागतं, शिवाय अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत बाळंतिणींना दूध पाजायला मदत केल्याचे १००० तास दाखवावे लागतात. ५ वर्षांत १००० म्हणजे आठवड्याला जेमतेम ४ तास, आणि हे काम तर तुम्ही वॉर्डात आजही करताच, फक्त त्याची नोंद कुठं नाही. आजपासून वही घाला, तारीख, वेळ, काय केलं, सगळं. नोकरी सोडली तर हे तास कुठून आणणार? पैसे भरायच्या आधी कोर्सवाल्यांना एकच विचारा, तुमच्या कोर्सचे तास आयबीसीएलसीच्या परीक्षेला धरले जातात का, आणि उत्तर लेखी घ्या.

आता खोलीचा हिशोब. भाडं ३५००, येणंजाणं १५००, आणि तुमचा बुडालेला पगार १७ हजार, म्हणजे २२ हजार निघाले तरच तुम्ही आजच्या जागी. एका भेटीचे ३०० धरले तर महिन्याला ७४ भेटी. तुमच्या दवाखान्यात बाळंतपणंच ४०, आणि त्यातल्या किती जणी सल्ल्याला वेगळे पैसे देतील? आपल्याकडे सिझेरियनला कर्ज काढतील, पण अंगावर पाजायचं शिकायला पैसे द्यायचे हे अजून कोणाच्या मनात बसलेलं नाही. त्यातून कापसाचा चुकारा येईपर्यंत घरात रोख नसते हे तुम्हाला मी काय सांगावं.

म्हणून पैसे बाईकडून नाही, दवाखान्याकडून यायला पाहिजेत. डॉक्टर मॅडमशी बोला, डिलिव्हरीच्या पॅकेजमधेच २०० रुपये तुमचे धरायचे, त्यात पहिल्या तासात बाळ छातीशी लावणं, सुट्टीच्या आधी बाळ नीट पकडून पितंय का ते तपासणं आणि आठव्या दिवशी एक फोन. ४० गुणिले २०० म्हणजे ८ हजार, पगाराच्या वर, खोली नाही, भाडं नाही.

एफडी आत्ता मोडू नका, व्याज कमी मिळेल. नोव्हेंबरात आली की घरखर्चाचे ६ महिन्यांचे, तुमच्या १४ हजारांप्रमाणे ८४ हजार बाजूला ठेवा, उरलेल्या ९६ हजारांत कोर्सचे ५५ निघतात आणि ४१ हजार परीक्षेला राहतात. परीक्षेची फी डॉलरमधे असते, रुपया घसरला की वाढते, आणि सर्टिफिकेट ५ वर्षांचंच, नंतर पुन्हा खर्च आहे, तो आत्तापासून मनात धरा. यजमान सोनं गहाण ठेवू म्हणतात, तर नाही, ते पऱ्हाटी बुडाली तर त्या वर्षासाठी राहू द्या.

एक गोष्ट मी हिशोबात धरलेलीच नाही, बाळाच्या दुधाच्या पावडरच्या कंपन्यांचे पैसे. डब्याची जाहिरात आणि त्यावरचं कमिशन १९९२ च्या कायद्यानं बंद आहे, कोणी गोड बोलून "स्पॉन्सर" करतो म्हणालं तरी हात लावू नका.

आणि हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. पहिले दोनतीन दिवस चीक थोडाच येतो, घरचे म्हणतात हिला दूधच नाही, डबा येतो, बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच कमी होतं. लहान डबा आठवडाभर पुरत नाही, मग पैसे वाचवायला तो पातळ करून पाजतात. मजुरीवर जाणाऱ्या घरात हा खर्च किती मोठा आहे ते रोज हिशोब बघणाऱ्या मला दिसतं. तो खर्च आणि ते बाळाचे हाल तुम्ही वॉर्डातच थांबवू शकता.

मॅडम २०० ला तयार नसतील तर १०० वर या, तेही नाही म्हणाल्या तर गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे रविवारची एक ओपीडी मागून बघा. काय ठरतं ते नोव्हेंबरच्या आधी कळवा, मग एफडीचं बघू.