सप्ताहातल्या कीर्तनाचे तुकडे ब्राउझरमधे फुकट कसे जोडायचे

दादा, तुम्ही विचारलंय ते मला असं कळलं: गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन तिघांच्या मोबाईलवर शूट झालंय, सगळे मिळून दहा-बारा तुकडे आहेत, लॅपटॉप हापिसचा असल्यानं त्यात काही इन्स्टॉल करता येत नाही, आणि एका साइटवर जोडून बघितलं तर व्हिडिओच्या कोपऱ्यात त्यांचं नाव चिकटून आलं. मी सप्ताहाचे, लग्नाचे, गॅदरिंगचे व्हिडिओ बरेच दिवस झाले ब्राउझरमधेच जोडायलोय, त्यामुळं सगळं सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

आधी एक बघा, ती साइट तुमचा व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर चढवून घेते का सगळं काम तुमच्याच लॅपटॉपवर करते. आपल्याकडं सगळ्यात मोठा फरक इथंच पडतो. फुल एचडी, सेकंदाला 30 फ्रेमचा (म्हणजे 30 चित्रांचा) व्हिडिओ मोबाईलवर मिनिटाला साधारण 130 एमबी खातो, म्हणजे दोन तासाचं कीर्तन 15 जीबीच्या पुढं गेलं. दिवसाला दोन जीबीचा रिचार्ज असंल तर आठवडाभर नुसतं चढवतच बसाल, आणि चांगलं वायफाय असून अपलोडला 5 एमबीपीएस मिळालं तरी सात तास लागतात, मधेच लाइट गेली की बऱ्याच साइटवर पुन्हा पहिल्यापासून. त्यात परत बायाबापड्यांचे, लेकरांचे चेहरे असलेला व्हिडिओ कोणाच्या तरी सर्व्हरवर जायलाय हे मला तरी पटत नाही. ओळखायचं सोपं आहे, साइट पूर्ण उघडू द्या, मग नेट बंद करा आणि दोन छोट्या क्लिपा टाकून बघा, तरीबी जोडून दिलं तर काम लॅपटॉपवरच चालू आहे.

अशा नेट बंद करून चालणाऱ्या साइटच्या पोटात बऱ्याचदा एफएफएमपेग हे व्हिडिओ कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर असतं, तेच ब्राउझरमधे वेबअसेंब्लीवर (ब्राउझरमधेच जड प्रोग्रॅम चालवायची सोय) चालवलेलं. छोट्या क्लिपांना एकदम भारी, पण फाईल 2 जीबीच्या पुढं गेली की ते अडतं, मेमरीच पुरत नाही, टॅब हँग होऊन बंद पडतो. म्हणून अख्ख्या कीर्तनाला ते धरू नका, नुसती दिंडी नाहीतर दहीहंडी जोडायची असंल तर खुशाल वापरा.

तुमच्या कामाला मी क्लिपचॅम्प सांगेन, ब्राउझरमधेच व्हिडिओ कापायचं-जोडायचं साधन आहे. मायक्रोसॉफ्टनं 2021 मधे ते विकत घेतलं, एज नाहीतर क्रोममधे उघडतं, फुकटात 1080पी म्हणजे फुल एचडीपर्यंत एक्सपोर्ट होतं (जोडलेला व्हिडिओ तयार होऊन बाहेर येतो) आणि कोपऱ्यात कोणाचं नाव येत नाही. फक्त त्यांचं पैसेवालं संगीत नाहीतर टेम्प्लेट त्यात घेऊ नका, मग ते पैसे मागतं. लॉगिनला हापिसचं खातं टाकू नका, घरचं खातं वापरा, आणि क्लिपा वर चढतात का तेवढं आधी एका छोट्या क्लिपवर बघून घ्या. रॅम 8 जीबी असली तर बरं, कमी असंल तर बाकीचे सगळे टॅब बंद करा.

आता क्लिपांचं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपा अजिबात घेऊ नका दादा, हे मी कळकळीनं सांगायलोय. तिथं व्हिडिओ दाबून बारीक होतो, महाराजांचा चेहरा धुरकट दिसतो. ज्याच्या मोबाईलवर शूट झालं त्याच्याकडं जाऊन केबलनं घ्या, जाणं जमत नसंल तर त्याला व्हॉट्सॲपवरच, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, 2 जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी येते. आणखी एक फायदा, अँड्रॉइडच्या मूळ फाईलच्या नावात बहुतेक वेळा तारीख आणि वेळ असते, सेकंदासकट, एका मोबाईलच्या क्लिपा नावानं लावल्या की क्रम आपोआप बसतो, तेच व्हॉट्सॲपमधून साधा व्हिडिओ म्हणून आलं की नावात नुसती तारीख आणि नंबर राहतो, मग कोणता तुकडा आधीचा हे ऐकून ऐकून ठरवत बसा.

बऱ्याच मोबाईलवर फाईल 4 जीबीची झाली की आपोआप दुसरी सुरू होते, वरचा हिशोब धरला तर अर्ध्या तासाला एक. असे एकाच मोबाईलचे तुकडे एकसारखे असतात, ते नीट लागतात. भांडण लावतात ते वेगवेगळ्या मोबाईलचे. कोणी उभा धरून शूट केलेला, कोणाचा 60 फ्रेमचा, आणि आयफोन असंल तर तो बहुतेक वेळा एचईव्हीसीमधे (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) असतो, काही लॅपटॉपवर त्याचा नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. पुढच्या सप्ताहाला आयफोनवाल्याला आधीच सेटिंगमधे कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथं मोस्ट कंपॅटिबल करायला लावा. आत्ता आहे त्या उभ्या क्लिपा आडव्या व्हिडिओत टाकल्या की दोन्हीकडं काळे पट्टे येतात, येऊ द्या. पट्टे घालवायला ताणून क्रॉप केलं तर टाळकरी अर्धे कापले जातात.

क्लिपचॅम्पच्या टाइमलाइनवर (खालची आडवी पट्टी) क्लिपा ओढून एकामागं एक लावा. दोन क्लिपांत बारीक फट राहिली की तिथं काळा पडदा येतो, फटीवर माउस नेला की कचऱ्याचा डबा दिसतो, तो दाबा, पुढचं सगळं मागं सरकतं. दोघांनी एकाच वेळी शूट केलेलं दोनदा यायला नको, तेवढं कापा. कापायची जागा मात्र निवांत बघून घ्या. महाराज दृष्टांत सांगत असताना मधेच कापू नका, चरण पुरा होऊन टाळकऱ्यांनी उचललं, गजर सुरू झाला, तिथं जोड दिला की पखवाज-टाळाच्या आवाजात तो लपून जातो, ऐकणाऱ्याला कळतच नाही. मला विचाराल तर सगळ्या कामात हेच नीट करायचं, बाकी सगळं बटणांचं आहे. फेडबिड (एक चित्र हळूहळू विरून दुसरं येणं) टाकायच्या भानगडीत पडू नका, कीर्तनात तंद्री मोडते. आवाज मात्र प्रत्येक क्लिपला वेगळा वरखाली करा, कारण एकाचा मोबाईल स्पीकरपाशी होता आणि दुसरा मागं मांडवाच्या खांबाला टेकून, जोडाजोडाला आवाज उसळला तर मोबाईल कानाला लावून ऐकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात.

एक्सपोर्टला 720पी पुरे, गावातले सगळे मोबाईलवरच बघणारेत, 1080पी ला कमजोर लॅपटॉप फार वेळ घेतो. चार्जर लावून ठेवा, लॅपटॉप आपोआप झोपायची सेटिंग बंद करा, टॅब उघडाच ठेवा आणि दुसरं काही करू नका. तरीबी अडकायलं तर तासा-तासाचे दोन भाग करा, भाग 1 आणि भाग 2, लोक बघतात. व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघितल्याशिवाय मूळ क्लिपा डिलीट करायच्या नाहीत, आणि मधे त्या दुसऱ्या फोल्डरमधे हलवायच्याबी नाहीत, नाहीतर प्रोजेक्ट उघडल्यावर त्या सापडत नाहीत.

आणि यूट्यूबवर टाकणार असाल तर आधी चॅनलला मोबाईल नंबर टाकून व्हेरिफाय करून घ्या, त्याशिवाय 15 मिनिटांच्या पुढचा व्हिडिओ ते घेत नाही.