संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आणि स्मृतिभ्रंशाचे संशोधन

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे, तिने स्पॅनिश भाषेची बी-२ (मध्यमाहून वरची) पातळी पूर्ण केली आहे आणि अमेरिकेतील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या वा तेथील वंशाच्या, वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या गटात काम करण्याची तिची इच्छा आहे, असे आपण कळवले आहे. ‘ती डॉक्टर नाही, मग दुसऱ्यांच्या संशोधनाला हातभार लावण्यात तिचे स्वतःचे काय?’ असे आपण विचारता. या क्षेत्रात संख्याशास्त्रज्ञाची साथ नसेल तर मुख्य संशोधकाला निष्कर्षच मांडता येत नाही, हे मी आपणांस खात्रीने सांगतो.

हिस्पॅनिक आरोग्याचा अमेरिकेतील सर्वांत मोठा दीर्घकालीन अभ्यास २००८ साली ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथे सुरू झाला. त्यात सोळा हजारांहून अधिक माणसे सहभागी झाली आणि पुढे त्यांतील पन्नाशी ओलांडलेल्यांच्या स्मरणशक्तीचा स्वतंत्र अभ्यास हाती घेण्यात आला. हे लोक मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक अशा निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले आहेत. त्यांतील अनेक वृद्धांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे गेलेले नाही. लहानपणी चारच वर्षे शाळेत गेलेल्या शेतमजुराला चाचणीत कमी गुण मिळाले, तर तो आजार की अपुरे शिक्षण? चाचणीतील प्रत्येक प्रश्न स्पॅनिश व इंग्रजी बोलणाऱ्यांना सारखाच लागू पडतो का, हे तपासण्याचे काम संख्याशास्त्रज्ञाचे आहे आणि तिथे आपल्या मुलीला भाषेचाही उपयोग होईल.

याहून अवघड प्रश्न गळतीचा आहे. काही वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलावले असता जे येत नाहीत, त्यांत स्मृती ढासळलेले, मृत्यू पावलेले आणि मायदेशी परतलेले असे सारेच असतात. केवळ आलेल्यांचाच हिशेब केला, तर ऱ्हास प्रत्यक्षाहून सौम्य भासतो आणि ज्यांच्यासाठी अभ्यास मांडला तेच त्यातून निसटतात. ही चूक मला फार गंभीर वाटते. ती टाळण्याच्या पद्धती जाणणारी व्यक्ती अनुदानाचा अर्ज लिहिण्याच्या वेळेपासूनच सोबत लागते, कारण नमुन्याचा आकार आणि विश्लेषणाचा आराखडा त्या अर्जातच द्यावा लागतो. शोधनिबंधावर अशा व्यक्तीचे नाव सहलेखक म्हणून येते.

मात्र आर्थिक बाजू स्पष्ट सांगायला हवी. अशा पदांचे वेतन बहुधा अनुदानांतून येते आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अल्पसंख्याकांच्या आरोग्यासंबंधीची बरीच अनुदाने रद्द केली. त्या संस्थेच्या प्रशिक्षण-शिष्यवृत्त्यांपैकी बहुतेक तेथील नागरिकांसाठी वा कायम रहिवाशांसाठीच असतात. म्हणून थेट नोकरीमागे न लागता जीवसंख्याशास्त्रातील पीएच.डी.साठी अर्ज करावा. तेथे सहायकपदाच्या मोबदल्यात शुल्कमाफी व विद्यावेतन मिळण्याची शक्यता अधिक असते. एकाच प्रकल्पावर विसंबलेल्या गटापेक्षा अनेक प्रकल्प चालवणारा विभाग निवडावा.

यंदाच्या लघुप्रबंधासाठी तिला घराजवळच साहित्य मिळेल. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था भारतातील वृद्धत्वाच्या दीर्घकालीन सर्वेक्षणाची, म्हणजे ‘लासी’ची, माहिती संशोधनासाठी उपलब्ध करून देते. त्याच्याशी जोडलेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासात लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी चाचण्यांत बदल केलेले आहेत. मेक्सिकोतही २००१ पासून असेच सर्वेक्षण चालू आहे आणि दोन्हीकडील स्मृतिचाचण्या एकाच मूळ आराखड्यावर बेतलेल्या आहेत. अल्पशिक्षित वृद्धांच्या गुणांची दोन्ही देशांत तुलना करणे हा विषय तिने मार्गदर्शकांसमोर ठेवावा. स्पॅनिश प्रश्नावली ती मुळातून वाचू शकेल आणि पीएच.डी.च्या अर्जासोबत पाठवण्याजोगे काम तिच्या हाती येईल. माहिती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा विनंतीचा अर्ज याच महिन्यात करावा.