'क्लोरीनेटिंग एजंट'ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा अशी की 'क्लोरीनेटिंग एजंट'ला मराठीत 'क्लोरीन टाकणारा' म्हटलं तर चालेल का. वाक्य बारावीच्या केमिस्ट्रीतलं आहे, फॉस्फरसवर थायोनिल क्लोराइडची (सल्फर, ऑक्सिजन नि क्लोरीन मिळून झालेल्या संयुगाची) अभिक्रिया.

'टाकणारा' नको बुवा. क्लोरीन टाकणं म्हटलं की विहिरीत टीसीएल पावडर टाकणारा ग्रामपंचायतीचा माणूस डोळ्यांपुढे येतो, तिथे काम जंतू मारायचं. क्लोरिनेशन त्यालाही म्हणतात नि यालाही, पण इथे क्लोरीनचे अणू फॉस्फरसला जोडले जाऊन वेगळाच पदार्थ तयार होतो. पांढऱ्या फॉस्फरसवर (हवेत आपोआप पेट घेतो म्हणून पाण्याखाली ठेवतात तो) कोरडा क्लोरीन सोडला की ट्रायक्लोराइड (एका फॉस्फरसला तीन क्लोरीन) होतं, बिनरंगी, तेलासारखं, बाटलीचं बूच काढलं की दमट हवेत धुरकट वाफा यायला लागतात, आणि क्लोरीन भरपूर असला तर पेंटाक्लोराइड (पाच क्लोरीन), पिवळट पांढरी पावडर. थायोनिल क्लोराइड घेतलं तर गाडी तीन क्लोरीनवर थांबते, शिवाय सल्फर डायऑक्साइड वगैरे बाहेर पडतं, सल्फ्युरिल क्लोराइड मात्र पाचावर नेऊन पोचवतं.

शब्दाचं म्हणाल तर 'एजंट' ऐकलं की मला आरटीओबाहेरचेच आठवतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात ऑक्सिडक (ऑक्सिडायझिंग एजंट) आणि क्षपणक (रिड्यूसिंग एजंट) आहेतच, त्या चालीवर 'क्लोरिनक' होईल पण बोलताना ते नुसतं क्लोरीनच ऐकू येतं, त्यापेक्षा 'क्लोरीनकारक' बरा. फॉस्फरसचं 'स्फुरद' करू नका, चुकीचं नाहीये, उलट छान आहे, स्फुर् म्हणजे चमकणं आणि ग्रीक नावाचा अर्थही 'प्रकाश आणणारा', पण तो शब्द आता नत्र-स्फुरद-पालाशवाल्या खताच्या गोणीवर जाऊन बसलाय.

एक मात्र सांभाळा, 'फॉस्फरसचे क्लोरीनकारक' असं लिहू नका. त्याचे दोन अर्थ निघतात, कारण हे ट्रायक्लोराइड नि पेंटाक्लोराइड पुढे अल्कोहोलला स्वतःच क्लोरीन जोडतात, म्हणजे तेही फॉस्फरसचे क्लोरीनकारकच झाले की! सरळ 'फॉस्फरसला क्लोरीन जोडणारी संयुगं' लिहा, 'ला' लावला की कोण कोणाला जोडतंय ते कळतं.