२००३ च्या सिल्व्हराडोत पी०४२० कोड आलाय, गॅरेजवाला दोन्ही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतोय. बदलावेच लागतील का?

तुम्ही लिहिलंय की ट्रक २००३ चा शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, एक लाख सत्तर हजार मैल झालेले, राहायला न्यू जर्सीत. इन्स्पेक्शनची (गाडीच्या धूर-तपासणीची) तारीख जवळ आलीय, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजने स्कॅनर लावून दोन मिनिटांत २,४०० डॉलरचा आकडा हातात ठेवलाय. माझ्याकडे याच इंजिनचा २००४ चा सिल्व्हराडो आहे. आमच्या मंडळाच्या गणपतीचं मखर, खांब, सतरंज्या दर वर्षी त्यातूनच जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैसे देऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे एक्झॉस्टमधला विषारी धूर साफ करणारा डबा. पी०४२० चा अर्थ "कन्व्हर्टर बदला" असा नाही. कन्व्हर्टरच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला जे दिसतंय त्यावरून बँक १ चा (म्हणजे चार सिलिंडरच्या एका रांगेचा) कन्व्हर्टर पुरेसं काम करत नसावा, असा कॉम्प्युटरचा अंदाज, एवढाच त्याचा अर्थ. आणि तुमच्या गाडीत बँक १ म्हणजे ड्रायव्हरची बाजू, कारण जीएमच्या (शेव्हरोलेच्या मूळ कंपनीच्या) व्ही-८ मध्ये एक नंबरचा सिलिंडर तिथे असतो. (फोर्डच्या व्ही-८ मध्ये नेमकं उलटं. यूट्यूबवर एफ-१५० चा व्हिडिओ बघून भलत्या बाजूला हात घालू नका.) दुसऱ्या बाजूचा कोड पी०४३०, तो तुम्हाला आलेलाच नाही. मग दोन्ही बदलायचे कशाच्या आधारावर, हे त्या गॅरेजवाल्याला जरूर विचारा.

माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं. कोड आला, एका गॅरेजने दोन्ही सांगितले, मी मजुरी वाचवायला सुटे भाग मागवून स्वतः बदलले. दोन महिन्यांत पुन्हा पी०४२०. नव्या कन्व्हर्टरवर! तेव्हा कुठे मी नीट शोध घेतला. ड्रायव्हरच्या बाजूच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळाचा) सगळ्यात मागचा बोल्ट तुटलेला होता. या पिढीच्या ५.३ ला हा आजारच आहे. गरम-गार होऊन मॅनिफोल्ड ताणतो आणि टोकाच्या बोल्टचं डोकं उडतं. त्या फटीतून धूर बाहेर पडतोच, शिवाय धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. तो जादाचा ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि कॉम्प्युटरचा सगळा हिशेब चुकतो.

म्हणून पहिलं काम हे करा. रात्रभर उभा असलेला ट्रक सकाळी सुरू करा आणि बॉनेट उघडून कान द्या. मागच्या बाजूने, केबिनच्या भिंतीजवळून, टिक-टिक-टिक असा आवाज येतो का? आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापल्यावर तो बंद होतो का? तसं असेल तर मॅनिफोल्ड गळतोय. तापल्यावर धातू फुगतो आणि फट मिटते, त्यामुळे गॅरेजमध्ये गरम गाडी नेली की कुणालाच काही ऐकू येत नाही. खात्री करायची असेल तर पुढचं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढा, हातात टॉर्च घेऊन बघा. मॅनिफोल्ड इंजिनाला जोडलेला असतो त्या तोंडाच्या (पोर्टच्या) कडेला काजळीचा काळा फराटा दिसतो. आणखी एक खात्रीची युक्ती म्हणजे गार इंजिनवर शॉप व्हॅक्युमचा पाइप हवा फेकणाऱ्या बाजूला लावून सायलेन्सरच्या शेपटात खुपसायचा, फडक्याने बंद करायचा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे तिथे गळती. माझ्याकडे त्या मागच्या कोपऱ्यात एवढा फेस आला की आणखी काही बघायची गरजच उरली नाही.

गळती नसेल तर मग स्कॅनर. कोड वाचणारा स्वस्तातला नको, चालू आकडे आणि आलेख दाखवणारा हवा. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आणि फोनवरचं अॅप पुरतं. इंजिन पूर्ण तापू द्या, २,५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि चारही ऑक्सिजन सेन्सर एकाच पडद्यावर लावा. पुढचे सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खाली-वर उड्या मारणार, ते बरोबरच आहे. मागचा सेन्सर मात्र ०.६-०.७ च्या आसपास शांत असायला हवा, कारण चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवतो आणि लागेल तसा सोडतो. मागची रेषा पुढच्या रेषेची नक्कल करत नाचत असेल, तर साठवण संपली. तुमचं नशीब असं की ट्रकमध्ये दोन कन्व्हर्टर आहेत, म्हणजे तुलना करायला दुसरी बाजू तयारच आहे. बँक २ चा मागचा सेन्सर निवांत आणि बँक १ चा नाचतोय, तर एकच बाजू गेली. दोन्ही नाचत असतील तर गॅरेजवाला बरोबर आहे, पण त्याने ते बघितलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

चढावर ट्रक ओढत नाही, वेग वाढवताना गुदमरतो, अशी तक्रार तुम्ही लिहिलेली नाही. ती असती तर कन्व्हर्टर आतून तुंबलाय का ते बघावं लागलं असतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावतात. नुसत्या चालू इंजिनवर दीड पीएसआयच्या वर आणि २,५०० आरपीएमवर तीनच्या वर गेला तर तुंबलाय. आणि गार असताना रबरी हातोडीने कन्व्हर्टरवर हलकेच ठोका. आत खडखड वाजलं तर आतलं सिरॅमिकचं जाळीदार पोळं फुटलंय. नुसतं बाहेरचं पत्र्याचं कवच वाजत असेल तर ते एका मोठ्या क्लॅम्पने आवळलं की झालं.

आता समजा कन्व्हर्टर खरंच गेलाय. तरी लगेच नवा लावू नका, कारण कन्व्हर्टर सहसा आपणहून जात नाही. एखादा सिलिंडर मिसफायर होत असला, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नसलं, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतलं पोळं वितळतं. इंजिन तेल खात असेल तर तेलातलं फॉस्फरस आणि जस्त प्लॅटिनम-पॅलेडियमच्या थरावर बसतं. कूलंट आत जात असेल तर तेही तसंच करतं. यातलं कारण तसंच ठेवून हजार डॉलरचा भाग लावला तर तोही मरेल. मिसफायरचे जुने कोड साठलेत का बघा, प्लग आणि वायरी कधी बदलल्या ते आठवा, दोन पेट्रोल भरण्यांच्या मधे तेल किती उतरतं ते डिपस्टिकवर मोजा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते. लाँग (दीर्घकाळचं) आणि शॉर्ट (त्या क्षणाचं) मिळून अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवं. गाडी उभी असताना इंजिनाच्या मंद गतीत खूप अधिक आणि २,५०० वर खाली येत असेल तर इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) गॅस्केटमधून हवा शिरतेय. या इंजिनात थंडीच्या दिवसांत हेही फार दिसतं.

स्वतः बदलता येतं का, असं तुम्ही विचारलंय. येतं, पण न्यू जर्सीचा ट्रक म्हणजे वीस-बावीस हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ खाल्लेला ट्रक. काम कन्व्हर्टरचं नाही, गंजाचं आहे. मॅनिफोल्डच्या तोंडाशी प्रत्येक बाजूला तीन स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) आणि तीन नट असतात, ते अर्धे गळून गेलेले असतात. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी त्यावर गंज सोडवणारं तेल मारा. तरी सुटला नाही तर नट प्रोपेन टॉर्चने चांगला तापवा (तेल आधी पुसून, आणि पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघून), आणि थोडं सोडायचं, थोडं परत आवळायचं, असं करत काढा. एका दमात जोर लावलात तर स्टड तुटलाच म्हणून समजा. माझे सहापैकी दोन तुटले. तो मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट मात्र एका वेल्डर मित्राने काढला. हेडमध्ये (मॅनिफोल्ड ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या भागात) राहिलेल्या बुंध्यावर नट धरून त्याने आतून वेल्ड भरलं, मिनिटभर थांबला आणि पाना लावला तर तो बुंधा अगदी लोण्यातून निघावा तसा निघाला. वेल्डच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. वेल्डर हाताशी नसेल तर हेडच्या टोकाच्या रिकाम्या भोकात बसणारा आणि मॅनिफोल्डला दाबून धरणारा क्लॅम्प बाजारात मिळतो, त्यानेही बरीच वर्षं निघतात.

माझा फोर बाय फोर आहे, त्यामुळे गिअरबॉक्सखालची आडवी पट्टीही काढावी लागली. त्याआधी गिअरबॉक्सला जॅकचा आधार द्या. ट्रक कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, दोन भक्कम स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या. आणि थंडी आहे म्हणून गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालू ठेवू नका. गळका एक्झॉस्ट आणि बंद दार यात माणूस कळायच्या आत जातो. हे मी कळकळीने सांगतोय.

कन्व्हर्टर घेताना बॉनेटखालचं उत्सर्जनाचं लेबल वाचा. त्यावर ट्रक फेडरल नियमांचा की कॅलिफोर्नियाच्या, ते लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियाचा असेल तर तिथल्या मंजुरीचा नंबर कोरलेलाच कन्व्हर्टर घ्या. तो महाग पडतो, पण त्यात मौल्यवान धातूही जास्त असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त जोडीच्या वाटेला जाऊ नका, वर्ष-दीड वर्षात तोच कोड परत येतो. आणि मागच्या सेन्सरला लांबट नळी लावून कॉम्प्युटरला फसवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि आपल्याच मुलांच्या शाळेसमोरून ती गाडी जाणार असते.

शेवटी इन्स्पेक्शनचं. दुरुस्ती करून कोड पुसला आणि लगेच तपासणी केंद्रावर गेलात तर परत पाठवतील. कोड पुसला की सगळे मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या, कोरे होतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाडीत एकच अपूर्ण मॉनिटर चालतो, आणि कॅटॅलिस्टचा (कन्व्हर्टरचा) पूर्ण व्हायला बराच वेळ लागतो. रात्रभर गार झालेली गाडी सुरू करून, टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवून, हायवेवर ताशी ५५ मैलांच्या आसपास एकसारखी वीसेक मिनिटं चालवा, थोडं शहरातही फिरवा, असं तीन-चार दिवस करा. मॉनिटर पूर्ण झाला की नाही ते तुमच्याच स्कॅनरवर दिसेल. तो पूर्ण दिसल्यावरच केंद्रावर जा. म्हणजे तारखेच्या आधी किमान दोन आठवडे हाताशी हवेत.

सकाळच्या टिक-टिकचं काय होतं आणि चार सेन्सरचा आलेख कसा दिसतो, त्याचा फोटो इथे टाका. बघून सांगतो.