जर्मन संगीतकार बाखने आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनच नोकरी केली का?

नाही, ते पद त्याच्याकडे १७०३ ते १७१७ एवढंच होतं: आर्नश्टाट, म्युलहाउझेन आणि मग वायमारचा दरबार. लाइपझिगला १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू होईपर्यंत तो कँटर होता, म्हणजे शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं आणि चर्चचं संगीत सांभाळायचं. ऑर्गनवर दुसरे वादक बसत. आर्नश्टाटच्या चर्च-मंडळाची १७०६ची नोंद तर वाचाच: चार आठवड्यांची रजा घेऊन नामवंत ऑर्गनवादक बुक्स्टेहुडेचं वादन ऐकायला ल्यूबेकला गेला आणि तिप्पट-चौपट दिवस राहिला, शिवाय भजनांत असे विचित्र सूर घालतो की लोक गोंधळतात! मात्र पद सुटलं तरी ऑर्गन सुटला नाही. नवे ऑर्गन तपासायला त्याला शेवटपर्यंत बोलावत, १७४६ मध्ये नाउमबुर्गलाही.